डोळ्यांना सवय कशाची?

(दृश्य: पहाट. रामकुंडाच्या पायऱ्या, स्नानाला आलेली माणसं.)

सुटलेली पोटं, काटकुळे दंड, बाळंतपणानंतरच्या वळ्या, ऑपरेशनचे व्रण, एका बाजूला झुकलेले खांदे. कुणी कुणाकडे वळून बघत नाही. माणसाचं शरीर कसं असतं, याचा इतका खरा नमुना नाशकात दुसरीकडे क्वचितच एका जागी दिसतो.

(दृश्य: कॉलेज रोड. कट्ट्यावर मोबाइल बघणारी मुलं-मुली.)

या पडद्यावर मात्र एकामागून एक सपाट पोटंच सरकतात. आपला डोळा सतत सरासरी काढत असतो. जे वारंवार दिसतं, तेच तो साधारण धरतो. सडपातळ शरीरं काही मिनिटं सलग बघितली, की नेहमीचं शरीरही जाड वाटू लागतं. यात मनाचा दुबळेपणा नाही, नजर घडतेच अशी. फिजीच्या नड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोहोचला. त्या वर्षीच्या पाहणीत वजन कमी करायला उलटी काढणारी एकही शाळकरी मुलगी नव्हती. १९९८ मध्ये अशा मुली ११ टक्क्यांवर गेल्या होत्या.

(दृश्य: खिडकीशी एक मुलगी सेल्फी काढते आहे.)

आता कॅमेऱ्याकडे बघू. फोन ३० सेंटीमीटरवर धरला, की नाक लेन्सच्या जवळ येतं आणि कान त्या मानाने लांब राहतात. त्यामुळे दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. करून बघा. फोन भिंतीला टेकवून दहा सेकंदांचा टायमर लावा, दीड मीटर मागे उभे राहा आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवा. नाकाच्या ऑपरेशनचा विचार करणाऱ्याने तर आधी हेच करावं.

पोटाच्या 'आधी-नंतर'च्या फोटोंचंही तसंच. आधीचा फोटो समोरच्या सपाट उजेडात, पोट सैल सोडून. नंतरचा वरून पडणाऱ्या उजेडात, पुशअप्स मारून स्नायूंत रक्त भरल्यावर, अंगाला तेल लावून. दोन्हींत पाव तासाचंच अंतर असू शकतं.

'आठवड्यात तीन किलो कमी' हाही बराचसा पाण्याचा खेळ. स्नायूंत साठलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत, म्हणजे साखरेच्या साठ्यासोबत, साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी सोडली की हा साठा सरतो आणि ते पाणी जातं, जेवण सुरू झालं की परत येतं. रविवारी झणझणीत मिसळ झाली, तर सोमवारी काटा वर दिसेल. मीठ पाणी धरून ठेवतं, एका रात्रीत चरबी चढत नाही.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, जवळून.)

इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये 'कंटेंट प्रेफरन्सेस'खाली सुचवलेला मजकूर रीसेट करता येतो. मात्र एवढ्याने भागत नाही. नंतर पुन्हा सपाट पोटांची रील शेवटपर्यंत बघितली, किंवा खाली रागाने कमेंट केली, तरी ॲप ती आवड समजतं. म्हणून पहिले काही दिवस अशी रील दिसताच 'नॉट इंटरेस्टेड' दाबा आणि पुढे सरका.

(दृश्य: घरातला कपाटाचा आरसा.)

आरशासमोर बहुतेकांचं चुकतं ते अंतर. जवळ जाऊन एकाच भागाकडे टक लावली, की तो भाग मोठा होत जातो. एक मीटर मागे उभे राहा, पूर्ण शरीर दिसू द्या आणि डोक्यापासून पायांपर्यंत वर्णन मोठ्याने बोला. 'पोट घाण सुटलंय' म्हणू नका. 'बेंबीखाली एक वळी पडते' म्हणा. शिंप्याला माप सांगावं, तसं. पाच मिनिटं पुरे. जेवण टाळणं, उलटी काढणं सुरू झालं असेल, तर हा सराव एकट्याने करू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

(दृश्य: शिलाई मशीन, उसवला जाणारा ब्लाउज.)

आणि काचणारे कपडे 'बारीक झाल्यावर घालू' म्हणून ठेवू नका. घट्ट शिवण दिवसभर पोटाची, दंडाची आठवण करून देते आणि हात सारखा तिथेच जातो. ब्लाउजच्या शिवणीत आत कापड राखलेलं असतं. दोन्ही कुशींच्या शिवणी अर्धा-अर्धा इंच बाहेर घेतल्या, तर घेर दोन इंचांनी वाढतो, कारण पुढचं आणि मागचं, दोन्ही कापडं सुटतात. या राखलेल्या कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. ती आधी तपासून घ्या आणि मगच उसवायला द्या.