बाटलीची मागची बाजू

टेबलावर काचेच्या दोन बाटल्या ठेवल्यात, त्या मागच्या रांगेतनं दिसतायत ना? दोन्हींत पाणी एकच, माझ्या घरच्या बोअरचं. एकीत अंगाच्या साबणाचा कीस टाकलाय, दुसरीत रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचं पाणी. आता दोन्ही हलवते. बघा, साबणाच्या बाटलीत फेस येता येताच बसला आणि नासलेल्या दुधासारखे पांढरे कण तरंगायला लागले. रिठ्याच्या बाटलीत मात्र गळ्यापर्यंत फेस आहे.

मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. केसांच्या विषयावर बोलायला उभी राहिले की आधी हा प्रयोग करते, कारण ‘नैसर्गिक की केमिकल’ हा वाद इथंच बराचसा मिटतो. मळ काढणारा पदार्थ कुठलाही घ्या, त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. टाळूवरचं तेल आणि त्यात अडकलेली धूळ त्याला चिकटते आणि पाण्याबरोबर निघून जाते. रिठ्यात आणि शिकेकाईत हे काम सॅपोनिन करतात, बाजारच्या शाम्पूत सोडियम लॉरेथ सल्फेटसारखी द्रव्यं करतात. साबणही तेच करतो, पण बोअरच्या जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला गाठतं आणि त्याचा न विरघळणारा थर होतो. तोच थर केसांवर बसतो. त्यातनं साबणाचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप (pH), नऊ-दहाच्या घरात, टाळूचा साधारण पाच-साडेपाच. अशा पाण्यात केसावरचे बारीक खवले उचलले जातात, एकमेकांत अडकतात आणि न्हाल्यावर फणी जात नाही. 1930च्या दशकात सिंथेटिक शाम्पू बाजारात आले आणि टिकले, ते याच अडचणीवर उपाय म्हणून. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? बाटलीच्या पुढच्या बाजूबद्दल.

इकडं येताना कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर ही हिरवी बाटली घेतली. नाव सांगत नाही, कारण अशा वीस मिळतील. पुढं जास्वंदीचं लालभडक फूल, माक्याचं पान आणि मोठ्या अक्षरात ‘नैसर्गिक’. आता मागं वळवू. अक्षरं इतकी बारीक आहेत की मला चष्म्यानंही लागत नाहीत. मी मोबाईलनं फोटो काढते आणि मोठा करून वाचते, तुम्हीही तसंच करा. पहिला घटक पाणी. दुसरा सोडियम लॉरेथ सल्फेट. तिसरा कोकामिडोप्रोपिल बिटेन, हा फेस मऊ करतो. मग मीठ, आपलं साधं मीठ, शाम्पू घट्ट व्हायला. मग सुगंध. मग टिकाऊपणासाठीची द्रव्यं. आणि अगदी शेवटाला, रंगाच्या एक घर आधी, जास्वंदीचा अर्क. सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांप्रमाणे घटक जास्तीकडून कमीकडे लिहायचे असतात, फक्त एक टक्क्याच्या आतले कुठल्याही क्रमानं चालतात. रंगाशेजारी बसलेली जास्वंद बहुधा त्या एक टक्क्याच्या आतलीच. फूल पुढं हाताएवढं आणि आत बघायला गेलं तर नावापुरतं.

काही बाटल्यांवर आयुर्वेदिक परवाना असतो, तिथं यादी वेगळी दिसते. शिकेकाई इतके मिलिग्रॅम, आवळा इतके, ब्राह्मी इतकी, आणि सगळ्यांत खाली ‘शाम्पू बेस, क्यू. एस.’. ही दोन अक्षरं लॅटिनमधली, अर्थ ‘लागेल तेवढं’. म्हणजे बाटलीचा बहुतेक भाग या एका ओळीत आला, आणि तो बेस कशाचा ते लिहिलेलंच नाही. वनस्पतींची नावं वाचून आपण खूश होतो, डोक्यावर ओततो मात्र तो बेस. घटक लपवलेली वस्तू मी घरात आणत नाही, मग ती कितीही नैसर्गिक म्हणवो.

‘सल्फेट-मुक्त’ लिहिलेलं असलं तरी मागं बघाच. सोडियम कोको सल्फेट असं नाव दिसलं तर तो त्याच घराण्यातला, नारळाच्या तेलापासून केलेला सल्फेट आहे. खरोखर सौम्य हवं असेल तर डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट ही नावं शोधा. त्यांचा फेस कमी येतो, टाळू मात्र कमी ओढल्यासारखी होते. आणि सल्फेटला घाबरूनही जाऊ नका. त्यानं कॅन्सर होतो हे जे फिरतं ते खरं नाही. त्यानं कातडी कोरडी पडते, खाज येते, डोळे चुरचुरतात. ज्याची टाळू तेलकट आणि धड आहे, त्यानं आठवड्यातनं दोनदा वापरला आणि नीट धुऊन टाकला तर बिघडत नाही.

आता माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी तिच्या कानामागं आणि मानेवर लाल चट्टे उठले. आम्ही उशीचा अभ्रा बदलला, गळ्यातलं काढून ठेवलं, पथ्यं केली. चार महिने गेले. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली आणि कारण सापडलं: मिथाइलआयसोथायाझोलिनोन, वस्तू टिकावी म्हणून घालतात ते एक द्रव्य. तिच्या महागड्या शाम्पूत होतं. त्या शाम्पूवर पुढं मोठ्या अभिमानानं ‘पॅराबेन-मुक्त’ लिहिलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पॅराबेन हेही टिकाऊपणासाठीचंच द्रव्य; ते काढलं आणि त्याच्या जागी हे आलं. युरोपात धुऊन न टाकायच्या क्रीम-लोशनांतनं या द्रव्यावर बंदी आली, आणि शाम्पूसारख्या वस्तूंत दहा लाख भागांत 15 भाग एवढीच मर्यादा राहिली. मला त्या चार महिन्यांचा अजून राग येतो. आम्ही दोघी बहिणी शिकलेल्या, मी तर याच विषयातली, आणि पुढच्या दोन शब्दांवर विसंबून मागची यादी वाचली नाही.

म्हणून टिकाऊपणासाठी काही घातलेलंच नको असंही म्हणू नका. पाणी असलेली वस्तू न्हाणीत सहा महिने राहणार तर तिच्यात जंतू वाढणारच. प्रश्न एवढाच की कुठलं द्रव्य, आणि ते डोक्यावर किती वेळ राहणार. शाम्पू दोन मिनिटांत धुऊन जातो. तेल, सिरम, जेल आणि कलप तासन्‌तास राहतात. तिथं जास्त बारकाईनं वाचा.

सगळ्यांत काळजी वाटते ती काळ्या मेंदीची. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंग असतो आणि तो केशरी-तांबडाच असतो. नुसती मेंदी केस काळे करत नाही. निळीच्या पानांची पूड जोडीला वापरली तर गडद होतात, पण त्याला वेळ लागतो. पुडीवर ‘हर्बल काळी मेंदी’ आणि वीस मिनिटांत केस काळेभोर असं दिसलं तर मागं पॅरा-फेनिलीनडायअमाईन शोधा, थोडक्यात पीपीडी. कलपातलं द्रव्य तेच. ज्यांना ते सोसत नाही त्यांचा चेहरा सुजतो, डोळे मिटून जातात, टाळूतनं पाणी येतं. एकदा ॲलर्जी झाली की ती जन्मभर राहते. कलपाच्या पाकिटावर इशारा छापावा लागतो: आधी चाचणी करा, पापण्यांना आणि भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. आपण पाकीट फाडतो आणि वाटीत कालवायला लागतो. कानामागं थेंबभर लावून 48 तास थांबा, दर वेळी. लग्नसराईत आदल्या रात्री कलप लावायचा घाट घालू नका.

केस सरळ करून घ्यायच्या प्रकाराबद्दल थोडंच सांगते. काही द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर सुटतं, आणि ते माणसात कॅन्सर करणारं आहे हे पक्कं ठरलेलं आहे. अमेरिकेत 33 हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणाऱ्यांत गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. हे 2022 साली प्रसिद्ध झालं. कारण तेच, असं त्यातनं सिद्ध होत नाही. पण डोळ्यांना झोंबायला लागलं तर खुर्चीतनं उठा. तिथं दिवसभर काम करणाऱ्या मुलींचा तर रोजच त्याच्याशी संबंध येतो.

आता शिकेकाई. माझी आजी रविवारी बंब पेटवायची आणि शेजारी चुलीवर शिकेकाईचं पातेलं चढवायची. मी आजही करते, गॅसवर. काष्ठौषधींच्या दुकानातनं पूड घेऊ नका, पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही. अख्ख्या शेंगा घ्या, आठ-दहा. रिठे चार, आतली काळी बी काढून. मूठभर आवळकाठी. रात्री लिटरभर पाण्यात भिजत घाला, सकाळी निम्मं होईपर्यंत मंद उकळा, कोमट झाल्यावर हातानं कुस्करा आणि फडक्यानं गाळा. गाळणं सोडू नका, नाहीतर केसांत भुसा राहतो. डोळे घट्ट मिटून घ्या. शिकेकाई नैसर्गिक असली तरी डोळ्यांत गेली की पाणी काढते आणि रिठा त्याहून जास्त. उरलेलं फ्रीजमध्ये दोन दिवस, फार तर तीन. वास आला की टाकून द्या. ज्यांचं डोकं खाजतं, ज्यांना पुरळ आहे, त्यांनी हेही आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघावं.

मघाशी एक ताई चिठ्ठी देऊन गेल्या. वाचते. ‘मॅडम, शिकेकाईनं दोनदा न्हाले, पण डोकं तेलकटच राहतंय, फेसच येत नाही. काय चुकतंय?’ चुकत काही नाही ताई. आदल्या दिवशी तेल किती लावता? वाटीभर तेल चोपडलं असेल तर शिकेकाईला ते एका न्हाण्यात निघत नाही. चमचाभर लावा, तेही तासभर आधी. पाणी टाळूवर ओतून लगेच धुऊ नका, पाच मिनिटं बोटांनी चोळा, मग दुसऱ्यांदा ओता. आणि तुमच्याकडं बोअरचं पाणी असेल, आणि आधी साबणानं न्हात असाल, तर जुना थर जायला तीन-चार न्हाणी लागतील. तोवर शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या.