चिडखोर इग्वाना माणसाळवताना

मित्रहो, इग्वाना नावाचा मोठा सरडा नव्याने पाळणाऱ्यांची तक्रार बहुधा सारखीच असते. दुकानात किंवा आधीच्या मालकाकडे हा प्राणी हातावर निमूट बसून होता. घरी आणल्यावर मात्र काही आठवड्यांतच तो शेपटीचे फटके मारू लागला, जबडा वासून अंगावर येऊ लागला आणि आता पिंजऱ्यात पाण्याची वाटी ठेवायचीही धास्ती वाटते. त्याला वठणीवर कसे आणायचे, असे मला विचारले जाते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्याला हातच लावू नका, हे माझे उत्तर अनेकांना पटत नाही. ते पटावे म्हणून या प्राण्याच्या मनात काय चालले असेल, हे आधी समजून घेऊ.

हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. मेक्सिकोपासून ब्राझील-पॅराग्वेपर्यंतच्या उष्ण प्रदेशात, बहुधा पाण्याच्या काठच्या उंच झाडांवर तो राहतो. पूर्ण वाढलेला नर शेपटीसह दीड मीटरच्या पुढे जातो, त्यातली निम्म्याहून अधिक लांबी शेपटीची असते, आणि नीट सांभाळला तर तो पंधरा-वीस वर्षे जगतो. आपल्याकडे त्याला घोरपडीचा भाऊबंद समजतात, ते बरोबर नाही. घोरपड मांसाहारी आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ती घरात ठेवणे हा गुन्हा आहे. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे. तो वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय 'साइटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे, २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेली दुरुस्ती आणि त्याखालचे २०२४ चे नियम यांनुसार, तो बाळगणाऱ्याने 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. ज्याची कागदपत्रे नाहीत असा प्राणी घेऊच नये.

आता त्याच्या भीतीकडे वळू. इग्वाना आकाराने कितीही दांडगा दिसला, तरी निसर्गात तो इतरांचे भक्ष्य आहे. ससाण्यासारखे शिकारी पक्षी त्याच्यावर वरून झडप घालतात. त्याच्या माथ्यावर मधोमध एक फिकट, वाटोळा ठिपका दिसतो. त्याखाली प्रकाश जाणणारे एक इंद्रिय असते. त्याला आकृती दिसत नाही, पण उजेड-सावलीतला बदल कळतो. आपण पिंजऱ्याचे झाकण उघडून वरून हात खाली नेतो, तेव्हा माथ्यावर सावली पडते, आणि त्या सावलीचा अर्थ त्याच्या शरीरात कोट्यवधी वर्षांपासून ठरलेला आहे. मग दुकानात तो गप्प का होता? बहुतेक वेळा तो गारठलेला, उपाशी आणि अंगातले पाणी कमी झालेला असतो. प्रतिकार करायलाही ऊब लागते, कारण या प्राण्याच्या शरीराला लागणारी उष्णता बाहेरून मिळते. आपण घरी त्याला चांगला दिवा आणि चांगला पाला दिला की त्याच्या अंगात ताकद येते, आणि पहिल्यांदाच तो आपल्याला 'नको' म्हणू शकतो. पूर्वी माणसाळलेला प्राणी आता बिघडला, असा याचा अर्थ लावणे मला अन्यायाचे वाटते. तो माणसाळलेला कधी नव्हताच; तो अशक्त होता.

हे 'नको' तो टप्प्याटप्प्याने सांगतो. आधी हालचाल थांबते आणि एक डोळा आपल्यावर स्थिरावतो. मग गळ्याखालची झालर पूर्ण ताणली जाते आणि डोके झटक्याझटक्याने वर-खाली होऊ लागते. याच डोलण्याचा एक संथ प्रकार असतो, त्यात राग नसतो, ती केवळ आपली दखल असते. दोन्हींतला फरक वेगात आहे. त्यानंतर तो चारही पायांवर ताठ उभा राहतो, अंग दोन्ही बाजूंनी चपटे करून आपल्यासमोर आडवा होतो, म्हणजे आहे त्याहून मोठा दिसतो, आणि शेपटीचा मधला भाग कमानीसारखा वळतो. ही कमान दिसली की फटका येणारच. या सगळ्यानंतरही हात पुढे येत राहिला, तरच तो चावतो. त्याचे दात लहान आणि करवतीसारखे असतात. ते पाने कातरण्यासाठी आहेत, पण माणसाच्या बोटाला टाके पडतील इतपत धारदार असतात.

माणसाळवण्याचे सगळे मर्म या क्रमात आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. समजा, त्याने झालर ताणली आणि आपण दुर्लक्ष करून हात पुढे नेला, त्याने फटका मारला आणि आपण दचकून हात मागे घेतला. यातून तो दोन गोष्टी शिकतो. एक, झालर ताणून उपयोग होत नाही. दोन, फटका मारला की संकट टळते. पुढच्या वेळी तो मधल्या पायऱ्या गाळून थेट फटक्यावर येतो, आणि मालक म्हणतो की हा काही कारण नसताना मारतो. यावर काही जुने पाळणारे असा उपाय सांगतात की जाड हातमोजे घालावेत, त्याला घट्ट धरावे आणि तडफड थांबेपर्यंत सोडू नये, म्हणजे लढून फायदा नाही हे त्याला कळते. लढण्याचा फायदा त्याला मिळू नये, हा त्यातला विचार बरोबर आहे; पण त्यासाठी निवडलेला मार्ग मला मान्य नाही. कॅनडातले शरीरशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इग्वानाला केवळ हळुवार हाताळले, तरी त्याच्या हृदयाचे ठोके वाढत असल्याचे नोंदवले. बेडकाच्या बाबतीत तसे झाले नाही. मायेने उचलले तरी ज्याचे काळीज धडधडते, त्याला जबरदस्तीने दाबून धरल्यावर तो शांत झाला, हे कशावरून म्हणायचे? डोळे मिटून, अंग गडद करून तो पडून राहतो. मालकाला वाटते, सुखावला. बहुधा त्याने फक्त सुटकेची आशा सोडलेली असते.

यातून सुटण्याची वाट पहिल्या खुणेशीच आहे. तो थबकला, एक डोळा स्थिरावला, की तिथेच हात थांबवावा. मागे घेऊ नये, पुढेही नेऊ नये. काही क्षणांनी त्याची मान सैल होते, नजर दुसरीकडे जाते किंवा जीभ बाहेर येते. त्यानंतर हात सावकाश काढून घ्यावा. अशा वेळी संकट टळते ते त्याच्या शांत होण्यामुळे, आणि लढण्याची वेळच येत नाही. दररोज थोडा वेळ, ठरावीक वेळी, हे करत राहिल्यास हात थांबण्याची जागा हळूहळू त्याच्या जवळ सरकते.

पण त्याआधी त्याची राहण्याची जागा सुधारली पाहिजे. ती चुकीची असेल तर वर सांगितलेले काहीच लागू पडत नाही. ठाण्यातल्या एका कुटुंबातला इग्वाना मी पाहिला होता. तो बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी, जमिनीवर ठेवलेल्या काचेच्या टाकीत होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या डोक्यावरून जात होता, घरातले मांजर काचेला नाक लावून बसत होते, आणि रात्री दिवे लागले की काचेत त्याला स्वतःचेच प्रतिबिंब दिसे. त्यावर तो डोके आपटून घेई. त्याला पळायला जागा नव्हती, म्हणून तो लढत होता. त्या कुटुंबाने खोलीच्या कोपऱ्यात जवळजवळ छताला भिडणारा जाळीचा पिंजरा करून घेतला, त्याच्या दोन बाजू भिंतीला लागल्या, तिसरीवर कापड लावले, आणि माणसाच्या डोळ्यांच्या वर येईल अशी आडवी जाड फांदी बसवली. उंचावर बसलेला इग्वाना आपल्याकडे खाली पाहतो, आणि एवढ्यानेच त्याची निम्मी भीती ओसरते, असा माझा अनुभव आहे. घरातली शाळकरी मुलगी रोज अभ्यासाचे पुस्तक घेऊन पिंजऱ्यापासून थोडी दूर बसू लागली. ती त्याच्याकडे रोखून पाहत नसे. पुढे ती लांब चिमट्यात जास्वंदीचे फूल धरून फांदीच्या पातळीवरून, बाजूने, पुढे करू लागली. नंतर एकदा मी गेलो, तेव्हा चिमटा नव्हता. फूल तिच्या बोटांत होते. इग्वानाने झालर अर्धी ताणली, ती थांबली; झालर सैल झाली, त्याची गुलाबी, आखूड जीभ आधी तिच्या अंगठ्याला आणि मग पाकळीला लागली, आणि त्याने फूल देठापासून अलगद ओढून घेतले. तिने त्याला स्पर्श केला नाही. मला ही समज फार मोलाची वाटली.

स्पर्शाची वेळ आली की तो बाजूने, खालून आणि पुढच्या पायाशी करावा, डोक्यावर नव्हे. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा कमरेखाली असावा, चारही पायांना आधार मिळावा. शेपटीला कधीच धरू नये, ती तुटून येते. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर पोटाचे आजार पसरवणारे साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तर या प्राण्याच्या संपर्कात येऊच देऊ नये.

चिडचिडीमागे दुखणेही असू शकते. इग्वानाला ड-३ जीवनसत्त्व तयार करण्यासाठी अतिनील-ब किरण लागतात आणि ते खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे काचेआडच्या उन्हात बसवलेला प्राणी उबदार राहतो, पण त्याची हाडे ठिसूळ होत जातात. पाय सुजणे, जबडा मऊ पडणे, बोटे थरथरणे ही त्याची लक्षणे. अशा प्राण्याला उचलले की वेदना होतात आणि तो चावतो. म्हणून नवा इग्वाना आणल्यावर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घ्यावी, अतिनील किरणांची नळी लावावी, आणि ती उजेड देत असली तरी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीनंतर बदलावी. ऊब घेण्याच्या जागी सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे. मुंबईची दमट हवा त्याला मानवते. पुणे, नाशिक, नागपूर इथल्या हिवाळी रात्री मात्र उजेड न देणारा उष्णतेचा दिवा आणि थर्मोस्टॅट यांची व्यवस्था लागते. आहारात शेवग्याचा पाला, तुतीची पाने, लाल भोपळा, घेवड्याच्या शेंगा चालतात. पालक रोज नको. अंडी आणि मांस अजिबात नको, त्याने मूत्रपिंडांवर ताण येतो.

सगळे नीट जमल्यावरही वयात आलेला नर वर्षातून काही आठवडे बदलतो. विणीच्या काळात त्याच्या अंगावर नारिंगी छटा चढते, मांड्यांच्या आतल्या बाजूच्या ग्रंथी फुगतात, आणि ज्या माणसाच्या खांद्यावर तो काल बसला होता त्याच्यावरच तो धावून जातो. या काळात शिकवणी बंद ठेवावी, त्याला मोकळे सोडताना मध्ये उशी किंवा जाड टॉवेल धरावा, चेहऱ्याजवळ त्याला कधीच घेऊ नये, आणि आरसे झाकून ठेवावेत. हंगाम सरला की तो बहुधा पूर्ववत होतो. मादी नर नसतानाही अंडी धरते; ती अस्वस्थ होऊन कोपरे उकरू लागली, खाणे सोडले, तर ओलसर मातीची खोल पेटी द्यावी आणि पशुवैद्याला दाखवावे.

काही जण या टप्प्यावर हात टेकतात आणि प्राणी तलावाकाठी किंवा डोंगरावर सोडून देतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात मालकांनी सोडलेल्या आणि निसटलेल्या इग्वानांची संख्या इतकी वाढली की ते कालव्यांचे काठ पोखरू लागले, आणि २०२१ साली त्या राज्याने हा प्राणी प्रतिबंधित जातींच्या यादीत घातला. तिथे थंडीची लाट आली की हेच प्राणी गारठून झाडांवरून खाली पडतात. कोकण किनाऱ्याची हवा त्यांना मानवण्यासारखी आहे, म्हणून आपल्याकडे हा धोका मी गंभीर मानतो. ज्यांना खरोखरच सांभाळणे शक्य नाही, त्यांनी प्राणी अनुभवी पालकाकडे द्यावा आणि मालकी बदलल्याची नोंद त्याच 'परिवेश' संकेतस्थळावर करावी. देताना त्याचा पिंजरा, दिवे आणि ओळखीची फांदीही सोबत द्यावी, आणि नव्या घरात पहिले दोन-तीन आठवडे त्याला कोणी हात लावणार नाही, असे कबूल करून घ्यावे.