'लेडी बी गुड'चे नऊ जण

मंडळी, 'लेडी बी गुड' हे अमेरिकन हवाई दलाचं बी-24 लिबरेटर जातीचं बॉम्बफेकी विमान. चार इंजिनांचं, नवं कोरं. लिबियात येऊन त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. 4 एप्रिल 1943 रोजी बेनगाझीजवळच्या सोलुक तळावरून ते इटलीतल्या नेपल्सच्या बंदरावर बॉम्ब टाकायला निघालं. वैमानिक विल्यम हॅटन आणि त्याच्या आठ सोबत्यांची ही पहिलीच मोहीम होती.

मोहीम सुरुवातीपासूनच बिघडली. उड्डाणाच्या वेळी धुळीचं वादळ होतं, इंजिनांत वाळू गेली आणि बरीच विमानं अर्ध्यातून मागे फिरली. हॅटन नेपल्सपर्यंत पोचला तेव्हा अंधार पडला होता, लक्ष्य दिसेना. बॉम्ब समुद्रात टाकून तो एकटाच परतीला लागला.

मध्यरात्रीनंतर त्याने रेडिओवरून दिशा विचारली. विमानातलं दिशादर्शक यंत्र चालत नव्हतं. तळाने उत्तर दिलं: तुम्ही आमच्या वायव्येला आहात. इथे जरा थांबू या, कारण सगळं इथेच घडलं. त्या काळी जमिनीवरच्या केंद्राकडे कड्यासारखा फिरता अँटेना असे. रेडिओचा संदेश कोणत्या रेषेवरून येतो हे त्यावरून कळे, पण रेषेच्या कोणत्या बाजूने येतो, हे तेवढ्यावरून ठरत नसे. वायव्य आणि आग्नेय, दोन्हींचा आकडा एकच. विमान इटलीकडून येणार म्हणजे वायव्येलाच असणार, असं केंद्राने धरलं आणि हॅटननेही. प्रत्यक्षात ते तळ ओलांडून आग्नेयेला गेलेलं होतं. तळावरच्यांनी इंजिनांचा आवाज ऐकून प्रकाशबाण सोडले, असंही सांगतात. पुढचे दोन तास विमान वाळवंटाच्या पोटात शिरत राहिलं. अंधारात वाळू आणि पाणी सारखंच दिसतं. हे पोरांचं अडाणीपण होतं असं मला मुळीच वाटत नाही. हातात होती ती माहिती त्यांनी नीटच वापरली, माहितीच अर्धी होती.

पहाटे दोनच्या सुमारास इंधन संपत आलं आणि नऊही जणांनी उड्या मारल्या. रिकामं विमान आणखी सव्वीस किलोमीटर गेलं आणि कलान्शो वाळूसागरात पोटावर घसरत उतरलं. पंधरा वर्षांनी, 1958 मध्ये, तेल शोधणाऱ्या ब्रिटिश पथकाला ते हवेतून दिसलं. लोक तिथे पोचले तेव्हा मशिनगन चालत होती, रेडिओ चालत होता, थर्मासमध्ये कॉफी होती. माणूस मात्र एकही नव्हता.

1960 मध्ये पाच सांगाडे एकत्र सापडले, आणि सहवैमानिक रॉबर्ट टोनरची रोजनिशी. पहिल्याच नोंदीत तो लिहितो की जॉन सापडत नाही, बाकी सगळे आहेत. आठ जणांत अर्धी बाटली पाणी, वाटणी दिवसाला एक झाकणभर. रात्री गोठवणारी थंडी. ते वायव्येला चालत राहिले, समुद्र जवळच असेल या समजुतीने. समुद्र सहाशेहून अधिक किलोमीटर दूर होता. मागून येणाऱ्या शोधपथकासाठी त्यांनी वाटेत बूट बाणासारखे मांडून ठेवले, पॅराशूटच्या चिंध्यांवर दगड ठेवले, लाइफ जॅकेटं टाकली. मरणाच्या दारात माणूस इतकं नेटकं वागू शकतो, याने मी आजही हलून जातो.

शुक्रवारी, 9 एप्रिलला, शेली, रिप्सलिंगर आणि मूर मदत आणायला पुढे निघाले. उरलेल्या पाचांचे डोळे अधू झाले होते, पाय उचलत नव्हते. टोनर लिहितो, पाणी असतं तर पोचलो असतो. त्याची शेवटची नोंद सोमवार, 12 एप्रिलची आहे: मदत अजून नाही, रात्र फार थंड.

हे पाच जण जवळजवळ 130 किलोमीटर चालले होते. शेली आणि रिप्सलिंगर त्यांच्याही पुढे तीस किलोमीटरहून जास्त अंतरावर सापडले. मूर अजून सापडलेला नाही.

दक्षिणेला विमानाकडे गेले असते तर अन्न, पाणी, रेडिओ मिळाला असता, असं आज नकाशा पाहून सहज म्हणता येतं. पण आपलं विमान असं सुखरूप उतरलंय हे त्यांना कळणार कसं? आणि उत्तरेकडे किनारा आहे, हे तर खरंच होतं.

जॉन वोरावका 1960 च्या ऑगस्टमध्ये सापडला. त्याचं पॅराशूट पुरतं उघडलंच नव्हतं.