एक, तीन, पाच, सात

[पडदा काळा. फक्त आवाज: टण्... टण्. टण्. टण्.]

हा आवाज लोखंडी नटांचा आहे. खाली पालथी घातलेली पितळी परात, आणि तिच्यावर एकामागून एक आदळणारे नट.

[दृश्य: वाड्याचा चौक. शहाबादी फरशी, तिच्यावर परात. सज्ज्यातून खाली आलेला दोरा.]

इंदूरच्या रामबागेत माझ्या मामांचा वाडा आहे. त्याच्या पहिल्या मजल्याच्या सज्ज्यातून आम्ही एक सुती दोरा खाली सोडला. दोऱ्याला सियागंजातून आणलेले पाच नट. सगळ्यात खालचा परातीला टेकलेला, त्याच्या वर दर ८० सेंटिमीटरवर एक, आणि पाचवा माझ्या आठवीतल्या भाचीच्या चिमटीत, परातीपासून ३२० सेंटिमीटर उंच. तिने चिमट सोडली.

गाठी सारख्या अंतरावर होत्या. आवाज मात्र सारख्या अंतराने आले नाहीत. पहिल्याला वेळ लागला, पुढचे घाईघाईने एकमेकांच्या पाठीवर आले.

मामा तबला शिकवतात. झोपाळ्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "लय पळतेय."

त्यांच्या कानाने नेमकं पकडलं. पहिल्या आवाजाला ०.४० सेकंद लागतो. त्यानंतर दुसरा ०.१७ सेकंदाने, तिसरा ०.१३ ने आणि चौथा ०.११ ने. प्रत्येक नटाला आधीच्यापेक्षा ८० सेंटिमीटरच जास्त पडायचं असतं. पण वरचा नट ते शेवटचे ८० सेंटिमीटर ओलांडतो तेव्हा त्याला चांगला वेग आलेला असतो.

मग भाचीने दुसरा दोरा उचलला. "आता हा ऐका, आजोबा."

[दृश्य: दोरा फरशीवर ताणून ठेवलेला, शेजारी टेप. कॅमेरा गाठीगाठीवरून सरकतो.]

या दोऱ्यावर पहिल्या आणि दुसऱ्या नटात २० सेंटिमीटर आहेत. पुढच्या अंतरात ६०. त्याच्या पुढे १००. मग १४०. म्हणजे वीसाची एक पट, तीन पट, पाच पट, सात पट. एकूण लांबी तीच, ३२० सेंटिमीटर. नुसतं बघितलं तर वाटतं, कोणीतरी गाठी मारताना वाहवत गेलंय.

[आवाज: टण्. टण्. टण्. टण्. एकसारखे.]

मामांनी मान हलवली. "पुन्हा सोड." तिने पुन्हा सोडला. या वेळी त्यांनी गुडघ्यावर बोट धरलं होतं. "मात्रा सारख्या आहेत. द्रुत तीनताल."

द्रुतच. दोन आवाजांत सेकंदाचा जवळपास पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला ३०० मात्रांच्या आसपास. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीच्या ख्यालासाठी ज्यांचं नाव घेतलं जातं त्या उस्ताद अमीर खाँच्या शहरात ही लय फारच घाईची. पण एकसारखी आहे, आणि आपल्याला हवं आहे ते एवढंच.

पडणाऱ्या वस्तूबद्दल आपण सहज म्हणतो, ती वेगाने खाली येते. हे अर्धंच झालं. तिचा वेग वाढत जातो, आणि तो वाढतो ठरावीक दराने. दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतकी भर. एका सेकंदानंतर वेग ताशी ३५ किलोमीटर, दोन सेकंदांनंतर ७०, तीन सेकंदांनंतर १०५. दर सेकंदाची भर तीच. यालाच एकसमान त्वरण म्हणतात. आणि हवेचा अडथळा बाजूला ठेवून, फक्त पृथ्वीच्या ओढीने झालेलं पडणं म्हणजे मुक्त पतन.

भर सारखी का? कारण ओढ सारखी आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण सुमारे ६३७१ किलोमीटरवर उभे आहोत. त्यापुढे सज्ज्याची उंची ती काय! वर असो की खाली, नटावरची ओढ व्यवहारात तेवढीच राहते.

पण मग वीस, साठ, शंभर, एकशेचाळीस हे आकडे कुठून आले? शाळेत आम्हाला सूत्र होतं. अंतर बरोबर एक छेद दोन, गुणिले त्वरण, गुणिले काळाचा वर्ग. ते मी घोकलं, उदाहरणं सोडवली, गुणही मिळाले. तो 'एक छेद दोन' तिथे का बसलाय, हे मात्र मला कोणी दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्याची चुटपुट अजून आहे. म्हणून इथे थोडं थांबू या.

[दृश्य: वरून. भाची फरशीवर रांगोळीने त्रिकोण काढते. टोक वर, पाया खाली.]

टोकापासून खाली जाताना काळ पुढे सरकतो. त्रिकोणाची रुंदी म्हणजे त्या क्षणाचा वेग. टोकाला रुंदी शून्य, कारण चिमट नुकतीच सुटली आहे. खाली जावं तशी रुंदी सारख्या प्रमाणात वाढत जाते, म्हणून कडा सरळ आहेत. वेग सारख्या दराने वाढला नसता तर या कडा वाकड्या निघाल्या असत्या.

आता या त्रिकोणात सारख्या उंचीच्या चार ओळी आखू. एक ओळ म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. मग कडांना समांतर तिरक्या रेघा मारू. बघा, सगळा त्रिकोण एकसारख्या छोट्या त्रिकोणांनी भरला.

[दृश्य: भाची एकेका छोट्या त्रिकोणात हळदीची चिमूट टाकत मोजते.]

पहिल्या ओळीत एक. दुसरीत तीन. तिसरीत पाच. चौथीत सात.

वेग गुणिले काळ म्हणजे अंतर, आणि इथे रुंदी गुणिले उंची म्हणजे क्षेत्रफळ. तेव्हा रांगोळीने व्यापलेली जागा हेच पडलेलं अंतर झालं. एक छोटा त्रिकोण म्हणजे आपले २० सेंटिमीटर. दोन ओळी मिळून चार त्रिकोण, तीन मिळून नऊ, चार मिळून सोळा. सोळा वीसं तीनशेवीस. काळाचा वर्ग तो हाच.

आणि तो अर्धा? नट परातीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो, गल्लीतून जाणाऱ्या स्कूटरएवढा. सुरुवातीपासून तो याच वेगाने निघाला असता, तर आपल्याला इथे त्रिकोणाऐवजी आख्खा आयत काढावा लागला असता. तो शून्यापासून निघाला, म्हणून आयताचा अर्धा भागच त्याच्या वाट्याला आला. एवढंच आहे ते. मला हे उमगायला फार वर्षं लागली. भाचीला चिमूटभर हळदीत दिसलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

[दृश्य: उतरत्या फळीवरच्या खाचेतून घरंगळणारी गोळी.]

एक, तीन, पाच, सात ही ओळ गॅलिलिओची. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याने मोजमाप केलं ते उतारावर. सरळ पडणारी वस्तू इतक्या लवकर खाली येते की त्या काळच्या साधनांनी ती मोजता येईना. उतारावर तीच गती संथ होते, पण तिची वाढायची रीत बदलत नाही. सुमारे सात मीटर लांबीची लाकडी तुळई, तिच्यात गुळगुळीत खाच, खाचेला चर्मपत्राचं अस्तर आणि वरून सोडलेली काशाची गोळी. वेळ मोजायला पाण्याची बादली. तिच्या तळाच्या बारीक नळीतून पडलेलं पाणी पेल्यात धरायचं आणि तोलायचं. जितकं पाणी, तितका वेळ. हे सगळं छापून आलं १६३८ साली, लायडनला. तेव्हा तो आपल्याच घरात नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेलेली होती.

त्याचे वडील व्हिन्सेंझो ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवणारे संगीतकार होते. लयीचा कान त्याला घरातूनच मिळाला असणार, असं मला मामांकडे बघताना वाटत राहिलं.

[दृश्य: तळहातावर दहा रुपयांचं नाणं, शेजारी त्याच्याहून जरा लहान कापलेला कागदाचा गोल.]

जड वस्तू आधी पडते का? नाणं आणि कागद वेगवेगळे सोडले तर कागद तरंगत मागे राहतो. आता तोच कागद नाण्यावर ठेवून, नाणं आडवं धरून सोडा. दोघं एकत्रच खाली येतात. हवा बाजूला सारायचं काम नाण्याने केलं, कागद त्याच्या आडोशाने आला. जड वस्तूवर ओढ जास्त असते हे खरं, पण तिला हलवायलाही तितकंच जास्त बळ लागतं. दोन्ही गोष्टी एकाच प्रमाणात वाढतात, म्हणून भर तीच राहते.

१९७१ साली अपोलो १५ च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं होतं, आणि दोन्ही एकदमच जमिनीला टेकले. चंद्राची ओढ आपल्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढी. आपला दुसरा दोरा तिथे सोडला तर? गाठी हलवायची गरज नाही. नट एकसारख्याच लयीत टेकतील, फक्त दोन मात्रांत जवळपास अर्धा सेकंद जाईल. हवा नसल्यामुळे ऐकू काही येणार नाही. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बोल तेच, लय मध्य."

[दृश्य: राजवाडा. सात मजल्यांवरून खाली उतरणारा कॅमेरा. रंगपंचमीची गेर, टँकरवरून उडणारं रंगाचं पाणी.]

आता उलट दिशा. १७४७ साली ज्याचं बांधकाम सुरू झालं त्या इंदूरच्या राजवाड्यासमोर दर रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, येते. टँकरवरच्या पंपांतून रंगाचं पाणी वरच्या मजल्यांपर्यंत उडतं. २० मीटर उंच जायचं तर पाणी निघतानाच ताशी ७० किलोमीटरच्या वर असावं लागतं. हवेशी झुंजायचं म्हणून प्रत्यक्षात आणखी जास्त. वर जाताना दर सेकंदाला तेच ९.८ वजा होत जातात. दोन सेकंदांत वेग संपतो, आणि मग तेच पाणी खालच्या गर्दीवर येतं.

सगळ्यात वरच्या क्षणी पाण्याचा थेंब थबकल्यासारखा दिसतो. त्याचा वेग शून्य असतो. त्वरण शून्य नसतं! अकरावीत मी तिथे शून्यच लिहून आलो होतो. त्या क्षणी ओढ संपली असती तर थेंब तिथेच टांगून राहिला असता, सगळी गेर वर बघत उभी राहिली असती आणि कोणी भिजलं नसतं.

पावसाच्या थेंबाचं मात्र वेगळं आहे. दोन किलोमीटर उंचीवरून तो मुक्तपणे पडला असता तर डोक्यावर ताशी ७०० किलोमीटरने आला असता. वेग वाढतो तसा हवेचा अडथळाही वाढतो, आणि तो वजनाइतका झाला की वेगात भर पडायची थांबते. मोठा थेंबसुद्धा सेकंदाला नऊएक मीटरवरच स्थिरावतो. त्याच्या वाटेत एक, तीन, पाच, सात शोधायला गेलात तर पहिल्या काही क्षणांतच सापडतील.

[दृश्य: पुन्हा वाडा. संध्याकाळ. भाची दोरा हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर.]

चित्रीकरण संपत आलं होतं. भाची म्हणाली, दुसऱ्या मजल्यावरून सोडू या, आणखी एक नट बांधते. तो किती वर बांधायचा, हे आम्ही सांगितलं नाही. तिने फरशीवरच्या रांगोळीकडे पाहिलं, खाली पाचवी ओळ बोटाने हवेतच काढली. "नऊ," ती म्हणाली. मग टेप घेतला, शेवटच्या नटापासून १८० सेंटिमीटर मोजले, गाठ मारली आणि दोरा खांद्यावर टाकून जिना चढून गेली.

मामांनी झोपाळा पायाने थांबवला आणि गुडघ्यावर बोट धरलं.

"सोडते हं, आजोबा!"

[आवाज: टण्. टण्. टण्. टण्. टण्.]