जड पाण्याचा वारस

[दृश्य: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. अर्धवट वर गेलेलं शटर. आत मिठाच्या गोण्या, फायबरच्या उंच टाक्या, भिंतीला टेकवलेले पीव्हीसी पाइप.]

सोलापुरात महापालिकेचं पाणी रोज येत नाही. उजनी धरण इथून शंभरेक किलोमीटरवर. तिथलं पाणी शहरापर्यंत पोचतं, पण नळाला सुटतं ते काही दिवसांच्या खंडानं. त्यामुळे ज्याला परवडतं त्याच्या दारात बोअर आहे, आणि बोअरचं पाणी म्हणजे जड पाणी. काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. साबणाला फेस येत नाही, तूरडाळ दोन शिट्ट्या जास्त घेते, नळाच्या तोंडाला पांढरं पुट चढतं, गिझरची कॉईल लवकर जाते.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे आयएस 10500, सांगतं की हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरीकडून पाणी मिळतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. घरात हे निभावून नेता येतं. पण ज्याच्याकडे टॉवेलचं सूत रंगतं, त्याचा जड पाण्यानं मालच बिघडतो. रंग सारखा चढत नाही, एका लॉटची छटा दुसऱ्या लॉटशी जुळत नाही, बॉयलरच्या नळ्यांत आतून दगडासारखा थर धरतो. सोलापूरची चादर आणि टॉवेल देशभर गेले, तेव्हा त्यांच्यामागे कुठेतरी पाणी मऊ करून देणारा एक माणूस होता. त्याचं नाव कुठल्या लेबलवर नसतं. त्याचीही काही तक्रार नसते, बिल वेळेवर मिळालं म्हणजे झालं.

[दृश्य: दुकानाची पाटी, फक्त शेवटचे दोन शब्द फ्रेममध्ये.]

पाणी मऊ करून देणाऱ्या या फर्मच्या पाटीवर शेवटी ‘अँड सन्स’ आहे. सन्स दोन. दोघांनीही शाळेच्या सुट्टीत मिठाच्या गोण्या वाहिल्यात, त्यामुळे दोघांचाही शिकून बाहेर पडायचा निश्चय लवकर झाला. वडिलांनी अडवलं नाही. आणि ज्यानं धंदा विकत घेतला, तो या घरातला नाही. आयटीआय करून फिटर म्हणून लागलेला मुलगा. मालकांना काका म्हणतो, हिशेब सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नीला काकू. विक्रीच्या करारावर सह्या झाल्या त्याच दुपारी काका त्याला म्हणाले, “अरे, ते टेस्ट किट गाडीत ठेवलंस का?” मालकी बदलली तरी काही वाक्यं बदलायला वेळ लागतो.

त्यानं नेमकं काय विकत घेतलं, हे मोजायला बसलं की गंमत होते. गाळ्यातला माल किती? पाणी मऊ करणाऱ्या मण्यांच्या, म्हणजे रेझिनच्या, पंचवीस-पंचवीस लिटरच्या काही पिशव्या, चार-सहा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, दोन डोझिंग पंप, मेंब्रेनचे, म्हणजे आरओतल्या गाळणीच्या पडद्यांचे, खोके, एक जुना टेम्पो आणि मीठ. या सगळ्याची किंमत केली तर ठरलेल्या रकमेच्या जवळपासही जात नाही. जागा तर काकांचीही पूर्णपणे नाही. एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळतो. तो दुसऱ्याच्या नावावर करायचा तर महामंडळाची परवानगी आणि हस्तांतराचं शुल्क, पोटभाड्यानं द्यायचा तरी परवानगी. म्हणून जागा काकांच्याच नावावर राहिली आणि नवा मालक परवानगी काढून भाडेकरू झाला.

मोठ्या टाक्या, म्हणजे ज्यांना हे लोक व्हेसल म्हणतात, त्या गिऱ्हाइकांच्या गच्चीवर आणि पंपरूममध्ये उभ्या आहेत. त्या त्यांच्या मालकीच्या. मग उरलं काय?

[दृश्य: लाल कापडी बांधणीच्या वह्या. पानं उलटणारा हात.]

वह्या उरल्या. एका पानावर एक गिऱ्हाईक. कुठल्या सोसायटीच्या कुठल्या बोअरचा हार्डनेस जानेवारीत किती, मे महिन्यात किती. मागची बोअर उन्हाळ्यात आटते, मग टँकर येतो, आणि टँकरवाला दोन वेगळ्या विहिरींचं पाणी आणतो, म्हणून तेव्हा रीडिंग घेतल्याशिवाय हात लावू नये. सूत रंगवणाऱ्या एका डाइंगवाल्याच्या पाण्यात लोह आहे, रेझिन तपकिरी पडतं. एका पानावर फक्त एवढंच: ‘वॉचमन बदलला. नव्याला मीठ दाखवणे.’

[दृश्य: काचेची छोटी बाटली. पाण्यात थेंब पडतायत.]

हे काम दिसायला साधं आहे. सॉफ्टनरच्या, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या, व्हेसलमध्ये रेझिन असतं, मोहरीहूनही बारीक मण्यांचं. त्या मण्यांवर सोडियम बसलेलं असतं. जड पाणी वरून खाली गेलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांना धरून बसतात आणि सोडियम पाण्यात उतरतं. मण्यांवरच्या जागा भरल्या की मिठाचं दाट पाणी सोडून कॅल्शियम उठवून लावायचं, म्हणजे रिजनरेशन. आता हिशेब. लिटरभर रेझिन साधारण 50 ग्रॅम हार्डनेस पकडतं असं धरू. 100 लिटर रेझिन म्हणजे पाच किलो. पाण्याचा हार्डनेस 500 असेल तर दहा हजार लिटरनंतर रिजनरेशन आलंच, आणि त्याला बारा ते पंधरा किलो मीठ. सोसायटीत रोज वीस हजार लिटर पाणी लागत असेल तर दिवसातून दोन वेळा. विकणाऱ्यानं व्हेसल छोटं दिलं आणि दोनदा मीठ कोण घालणार हे सांगितलं नाही, तर महिन्याभरात लोक म्हणतात, मशीन फसवं आहे. मशीन बिचारं बरोबर असतं.

तपासणी बाटलीतच होते. पाण्यात बफर, मग चिमूटभर इंडिकेटर. पाणी जड असेल तर रेड वाइनसारखा लालसर रंग येतो. मग ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणाऱ्या रसायनाचे थेंब मोजत टाकायचे, रंग निळा होईपर्यंत. सॉफ्टनर नीट चालत असेल तर पहिल्या क्षणालाच निळं. काकांची शिकवण अशी की हा रंग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर बदलला पाहिजे.

कारण गिऱ्हाईक स्वतः खिशातून दुसरंच काहीतरी काढतं: टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं, पेन. सॉफ्टनरच्या आधी 900, नंतरही 900. म्हणजे काही झालंच नाही? झालं की. कॅल्शियम गेलं, त्याच्या जागी सोडियम आलं. विरघळलेल्या क्षारांची बेरीज जवळपास तेवढीच राहिली. हे एक वाक्य जो न कंटाळता शंभराव्या माणसालाही सांगू शकतो, त्यानंच या धंद्यात पडावं.

[दृश्य: गाळ्यातलं टेबल. काकू कॅल्क्युलेटर घेऊन.]

कागदपत्रांचा भाग लोक शेवटी बघतात. तो आधी बघायला हवा. फर्म काकांच्या एकट्याच्या मालकीची होती. अशा फर्मला मालकापासून वेगळं अस्तित्व नसतं; जीएसटी नोंदणी काकांच्या पॅनवर, ती जशीच्या तशी नव्या माणसाला देता येत नाही. त्याला स्वतःची नवी नोंदणी घ्यावी लागली. आणि जीएसटी कायद्याचं कलम 85 सांगतं की धंदा विकला तरी विक्रीच्या दिवसापर्यंतचा जो कर, व्याज, दंड निघेल त्याला विकणारा आणि घेणारा दोघंही जबाबदार, मग ती रक्कम नंतर का ठरेना. म्हणजे वह्यांबरोबर काकांची जुनी रिटर्न्सही यानं घेतली. सीएनं आधीची सगळी वर्षं तपासून घ्यायला लावली आणि करारात तसं कलम घातलं. काकू थोड्या दुखावल्या. तीस वर्षं त्यांनीच हिशेब लिहिलेले. पण त्यांनीच नंतर फायली काढून दिल्या, वर्षवार, दोरीनं बांधलेल्या.

बँकेनं टेम्पो आणि मालावर कर्ज दिलं, त्यापुढे नाही. वह्यांवर कोण कर्ज देणार? बाकीची रक्कम काकांना हप्त्यानं द्यायची ठरली, वार्षिक देखभालीच्या करारांतून, म्हणजे एएमसीतून जे येतं त्यातून. यात एक मेख आहे आणि ती दोघांनाही माहीत होती. एएमसी गिऱ्हाइकानं काकांशी केलेली असते. मालक बदलला म्हणून ती आपोआप नव्याकडे जात नाही. गिऱ्हाईक एका फोनवर म्हणू शकतं, आम्ही दुसरा माणूस बघतो. म्हणून काका पहिले काही महिने प्रत्येक भेटीला बरोबर गेले. बोलले काहीच नाहीत. खुर्चीत बसून चहा घेतला.

[दृश्य: रुग्णालयाच्या मागची खोली. कार्बन फिल्टर, आरओ प्लँट, स्टीलचे पाइप.]

सॉफ्टनरमध्ये चूक झाली तर टॉवेलची छटा जाते. इथे तसं नाही. डायलिसिसच्या मशीनमध्ये मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव फिरतो. चार तासांच्या एका सत्राला 120 लिटर. एका पातळ पडद्याच्या अलीकडे रुग्णाचं रक्त, पलीकडे हे पाणी. आपण पितो ते पाणी पोटातून, आतड्यातून गाळून रक्तात जातं. इथे मधे तसं कुणी नाही. म्हणून आधी वाळूचं फिल्टर, सॉफ्टनर, कार्बन, मग आरओ. यात कार्बनचं फिल्टर दिसायला सगळ्यात गरीब आणि चुकलं तर सगळ्यात घातक. पाण्यातल्या जंतूंसाठी घातलेलं क्लोरीन, विशेषतः क्लोरामाइन, आरओच्या मेंब्रेनमधून निसटू शकतं. ते रक्तापर्यंत पोचलं तर तांबड्या पेशी फुटतात. एकूण क्लोरीन लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि ते डायलिसिसच्या प्रत्येक पाळीच्या आधी तपासायचं.

नोकरीत असताना हाच माणूस हेच काम करायचा. तेव्हा मीटर वर गेलं तर काकांना फोन लावायचा आणि त्याचं काम संपायचं. काका ठरवायचे: पाळी थांबवायला सांगायची की नाही. डायलिसिसला आलेला रुग्ण गावाहून एसटीनं आलेला असतो, त्याला परत पाठवा म्हणणं सोपं नसतं. आता ते यानं म्हणायचं. माझ्या मते हा माणूस मालक झाला तो इथे, कराराच्या स्टँप पेपरवर नाही.

[दृश्य: एका घराचा हॉल. टीपॉयवर दोन ग्लास पाणी.]

विक्रीचं एक जुनं तंत्र या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडायची. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी, गढूळ होतं. आरओचं स्वच्छ राहतं. घरातली आजी घाबरते, चेक फाडला जातो. खरं काय होतं? पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडीचंच लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यागत, म्हणून वीज वाहत नाही. ग्लासातली घाण कांडीची असते.

नव्या मालकाला एका डीलरनं तो संच भेट म्हणून दिला. हप्ते डोक्यावर असताना असली भेट जड जाते. त्यानं तो वापरला नाही असं तो सांगतो. आम्ही त्याच्याबरोबर फिरलो त्यात एका घरी नळाच्या पाण्याचा टीडीएस तीनशेच्या आत निघाला. त्यानं आरओ विकायला नकार दिला, अतिनील किरणांनी जंतू मारणारं साधं यूव्ही सुचवलं. यात नुसता साधेपणा नाही. मे 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही म्हटलं होतं की टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओ नको, आणि जिथे लावाल तिथे निदान 60 टक्के पाणी हाती लागलं पाहिजे. घरगुती यंत्रं बऱ्याचदा हाती येतं त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतात. ज्या शहरात नळाची वाट बघावी लागते तिथे हे पाहून राग यायला हवा. आणि तसा हा धंदाही धुतल्या तांदळाचा नाही: प्रत्येक रिजनरेशनला खारं पाणी गटारातच जातं. ते कुठे मुरतं, कुणाच्या बोअरमध्ये उतरतं, याचा रकाना वहीत नाही. विचारलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, मीठ कमीत कमी लागेल असं सेटिंग करतो. एवढंच आपल्या हातात आहे. पुरेसं आहे का? नाही.

[दृश्य: गाळा. मोबाईलवर बोलणारा नवा मालक, मागे काकू.]

मालक झाल्यावर त्यानं एएमसीचे दर वाढवले. काकांनी कित्येक वर्षं वाढवले नव्हते. मिठाची गोणी महागली, पेट्रोल महागलं, तरी ओळखीत कसं बोलायचं म्हणून. काही गिऱ्हाइकं गेली. त्यातला एक डाइंगवाला तीन महिन्यांनी परत आला, कारण स्वस्तातल्या माणसानं लोहाचं पाणी न तपासता नवं रेझिन भरलं होतं आणि ते खराब झालं होतं. त्याला जुना दर मिळाला नाही.

पाटी अजून तीच आहे. करारात लिहिलंय की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत नाव वापरता येईल, पुढचं तेव्हा बघू. सध्या त्याला एक हेल्पर हवाय. गाळ्याच्या शटरवर कागद चिकटवलाय: फिटर पाहिजे, दुचाकीचं लायसन्स हवं, रोजचं रीडिंग लिहावं लागेल. दोन मुलं येऊन गेली. पगार ऐकून एक निघून गेला. दुसऱ्याला उद्या सकाळी डायलिसिस सेंटरवर बोलावलंय, पहिल्या पाळीच्या आधी.