चालता बूटलोडर आतून बदलायचा कसा? यू-बूट आणि बेअरबॉक्सची गोष्ट

नमस्कार मंडळी. माझ्या हातात आहे तो बीगलबोन ब्लॅक, एका बोर्डावरचा छोटा संगणक. याच्यावर ५१२ एमबी डीडीआर रॅम आहे, पण वीज दिल्या क्षणी प्रोसेसरला त्यातला एक बाइटही वापरता येत नाही. रॅमच्या कंट्रोलरला अजून कुणी टायमिंग सांगितलेलंच नसतं. मग लिनक्स त्या रॅममध्ये पोचतो कसा? त्याला तिथे पोचवणारा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर. यू-बूट आणि बेअरबॉक्स हे असेच दोन बूटलोडर.

(स्क्रीनवर: रॉम, एसपीएल, यू-बूट, कर्नल असा क्रम)

चिपमध्ये कायमचा कोरलेला रॉम कोड आधी चालतो. तो एसडी कार्डवरून ‘एमएलओ’ नावाची छोटी फाइल उचलतो आणि चिपच्या आतल्या मोजक्या रॅममध्ये ठेवतो. ही फाइल म्हणजे एसपीएल, यू-बूटचंच छाटलेलं रूप. ती क्लॉक लावते, डीडीआर सुरू करते आणि पूर्ण यू-बूट तिथे आणते. यू-बूट मग कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर कोणती उपकरणं आहेत याचं वर्णन) रॅममध्ये ठेवून सूत्रं कर्नलकडे देतो.

हे झालं काम. आता रचनेकडे येऊ, कारण खरी मेहनत तिथे आहे.

मॅग्नस डॅम यांनी पॉवरपीसी ८xx चिपांसाठी एक छोटा बूटलोडर लिहिला होता. वोल्फगांग डेंक यांनी तो हाती घेऊन ‘पीपीसीबूट’ केला, आणि २००२च्या नोव्हेंबरमध्ये त्याचाच यू-बूट झाला. प्रोसेसरची आणखी कुटुंबं जोडली गेली: एआरएम आला, एक्स८६ आला, पाठोपाठ मिप्स. बोर्ड भराभर वाढले. प्रत्येक बोर्डाची एक हेडर फाइल, तिच्यात शेकडो ‘डिफाइन’ म्हणजे सेटिंगा, आणि कोडभर ‘हे सेटिंग असेल तरच’ असं सांगणाऱ्या ‘इफ-डेफ’चं जाळं. चिपांना एकमेकींशी जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गाचं, म्हणजे आयटूसीचंच बघा. प्रत्येक कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये वाचण्याच्या फंक्शनचं नाव तेच. त्यामुळे दोन वेगळ्या जातीचे कंट्रोलर एका बिल्डमध्ये घेतले की कोडचे तुकडे जोडणारा लिंकर अडायचा. पॉवरपीसीच्या एका कुटुंबापुरती ही रचना ठीक होती, पण शेकडो बोर्डांचं ओझं तिला पेलवेना.

२००७मध्ये जर्मनीतल्या पेंगुट्रॉनिक्सच्या साशा हाउअर यांनी ठरवलं की पाया नव्याने घालायचा. नाव आधी ‘यू-बूट व्ही२’, पुढे ‘बेअरबॉक्स’. लिनक्स कर्नलसारखं के-कॉन्फिग (बिल्डमध्ये काय घ्यायचं ते निवडण्याची पद्धत), तशाच वळणाचं ड्रायव्हर मॉडेल (ड्रायव्हर आणि उपकरणं जोडण्याची एकसारखी चौकट), आणि सगळी उपकरणं फाइल म्हणून समोर. नेटवर्कवरची इमेज फ्लॅशमध्ये टाकायची तर साधी ‘सीपी’ कमांड. बूटची स्क्रिप्टही वेगळी फाइल. यू-बूटसारखी एका व्हेरिएबलमध्ये अर्धविरामांनी कोंबलेली नाही. मला ही रचना मनापासून आवडते. कर्नलचा कोड वाचलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. पण नव्या पायाची किंमत असते: जुने बोर्ड आपोआप येत नाहीत, एकेक आणावा लागतो. आणि चिप कंपन्या बोर्डासोबत यू-बूटच देत राहिल्या.

यू-बूटने दुसरी वाट धरली. २०१४मध्ये के-कॉन्फिग आलं, आणि सायमन ग्लास यांच्या पुढाकाराने ड्रायव्हर मॉडेलही. जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालत राहिलं. मग एकेका उपप्रणालीला मुदती दिल्या. बोर्ड बदलला नसेल तर बिल्ड करताना इशारा छापून यायचा, आणि ज्यांना कुणी वाली उरला नव्हता असे बोर्ड शेवटी काढून टाकले. निर्णय कठोर होता, पण मला तो योग्य वाटतो. ज्या कोडची चाचणी कुणी करत नाही, तो ‘चालतो’ म्हणणं वापरणाऱ्याची फसवणूक आहे.

(बोर्डाचा क्लोजअप)

सगळ्यात अवघड गाठ मात्र एसपीएलमध्ये बसली. ड्रायव्हर मॉडेल डिव्हाइस ट्री वाचून चालतं. पण एसपीएल चिपच्या आतल्या काही किलोबाइटांत मावायला हवं, आणि डिव्हाइस ट्री वाचायचा कोडसुद्धा जागा खातो. उत्तर दोन पायऱ्यांत निघालं. आधी ट्रीची छाटणी: रॅम सुरू होण्याआधी जे नोड, म्हणजे उपकरणांच्या नोंदी, लागणार, त्यांच्यावर खूण करायची आणि बाकीचे एसपीएलच्या प्रतीतून उडवायचे. तेवढ्यानेही भागलं नाही, तर बिल्ड करतानाच ट्रीमधली माहिती सी भाषेच्या स्ट्रक्चरमध्ये उतरवायची, म्हणजे बोर्डावर ती वाचण्याचं काम उरतच नाही. याला ‘ओएफ-प्लॅटडेटा’ म्हणतात. मला यातला विचार फार मोलाचा वाटतो: वर्णन एकाच जागी, आणि ते कुठे वाचायचं हे उपलब्ध जागेवरून ठरतं.

हे सगळं बघायला बोर्ड विकत घ्यायची गरज नाही. इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी हे नक्की करावं. यू-बूट ‘सँडबॉक्स’ म्हणून बिल्ड केला की तो लॅपटॉपवर साध्या प्रोग्रामसारखा चालतो. बेअरबॉक्सलाही ही सोय आहे. यू-बूट सुरू करताना हायफन आणि कॅपिटल डी द्या, म्हणजे त्याची ठरलेली डिव्हाइस ट्री घेतली जाईल. प्रॉम्प्ट आला की ‘डीएम ट्री’ टाका. उपकरणांची यादी येईल. काहींपुढे अधिकचं चिन्ह असेल, काहींपुढे नसेल. चिन्ह नाही म्हणजे उपकरण नोंदलंय, पण अजून सुरू केलेलं नाही. आता ‘आयटूसी डेव्ह ०’ टाका आणि पुन्हा तीच यादी काढा. आयटूसीच्या ओळीत काय बदललं ते कॉमेंटमध्ये लिहा, आणि तो बदल कोडमध्ये नेमका कुठे होतो हे सापडलं तर फंक्शनचं नावही द्या.