ट्रक पाठवायचा नाही, का पाठवायची गरज नाही?

श्रोतेहो, नमस्कार. आज इंग्रजीतल्या सक्तीच्या क्रियापदांविषयी बोलू. मस्ट, हॅव टू, नीड आणि त्यांची नकारार्थी रूपं. कागद-पेन हाताशी असेल तर बरंच, नसेल तरी काळजी नको. महत्त्वाचं ते दोनदा सांगणार आहे.

आपल्याकडं या सगळ्या छटा रोजच्या बोलण्यात आहेत. जायला पाहिजे, म्हणजे शुड गो. गेलंच पाहिजे, मस्ट गो. जावं लागतंय, हॅव टू गो. जायची गरज नाही, डोन्ट हॅव टू गो किंवा नीड नॉट गो. आणि जायचं नाही, म्हणजे मस्ट नॉट गो. शेवटच्या दोन पुन्हा ऐका. गरज नाही, तिथं नीड नॉट. करायचंच नाही, तिथं मस्ट नॉट. या दोघांची अदलाबदल झाली की काय होतं, त्यासाठी लातूरच्या एका डाळ मिलमधला किस्सा ऐका.

या मिलच्या ऑफिसात बी.कॉम. झालेला एक हुशार पोरगा होता. बाहेरच्या राज्यांतले सगळे मेल तोच लिहायचा. तमिळनाडूतल्या एका व्यापाऱ्याशी सौदा ठरला, १६० क्विंटल तूरडाळ, ५० किलोची ३२० पोती. व्यापाऱ्याचा एक ट्रक सोलापुरात माल उतरवून रिकामा परतणार होता. त्यानं मेलवर विचारलं, तो ट्रक तुमच्याकडं पाठवू का? मालक हिशेबात गुंतलेले. मान वर न करता म्हणाले, "त्यायला कळव, ट्रक पाठवलाच पाहिजे असं काही नाही. आला तर आला, नाही तर आपण बघू."

पोरानं मनात जुळणी केली. पाहिजेच म्हणजे मस्ट, नाही म्हणजे नॉट. आणि लिहून टाकलं, "यू मस्ट नॉट सेंड द ट्रक."

तिकडं व्यापाऱ्यानं वाचलं, ट्रक अजिबात पाठवू नका. कुणी इतकं ठणकावून सांगितल्यावर कोण पाठवेल? सोलापूरचा ट्रक रिकामाच गावाकडं निघाला. इकडं मिलमध्ये वाट बघणं सुरू. ट्रक येईल, नाही तर तसा निरोप तरी येईल. पोती भरून, शिवून, थप्पी लावून पत्र्याखाली तयार. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मृगाचा पाऊस आला, तो वाऱ्यासकट. पत्र्याखाली आडवी झड आली आणि कडेची पोती भिजली.

भिजलेल्या पोत्यांवरून एक सांगून ठेवते. डाळीला तागाचं पोतंच चांगलं. प्लॅस्टिकच्या पोत्यात ओल कोंडते, डाळीला वास लागतो. ताग महाग पडतो म्हणून मिलवाले तो सोडायलेत, हे काही बरं नाही. असो.

चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन. माल निघाला का? मालक म्हणाले, आम्ही तुमच्या ट्रकची वाट बघतोय. पलीकडून उत्तर आलं, ट्रक पाठवू नका असं तुम्हीच लिहिलंत की! मेल उघडून वाचला. मालकांना वाक्य बरोबर वाटलं, पोरालाही बरोबर वाटलं. भांडण जुंपायची वेळ आली. शेवटी घाईत भाड्याचा ट्रक केला, पेरणीच्या दिवसांतल्या चढ्या भावानं. भिजलेली पोती फोडून डाळ वाळवायला टाकली आणि त्यांच्या जागी दुसरी भरली.

पोराचं नेमकं कुठं चुकलं? शब्द तर एकही चुकला नव्हता. "पाठवलाच पाहिजे असं नाही" या वाक्यात आपलं नाही हे सक्ती उडवतं. इंग्रजीत मस्टच्या पुढचं नॉट सक्तीला हात लावत नाही, ते पुढच्या क्रियापदाला चिकटतं. नॉट सेंड, न पाठवणं. सक्ती जागेवरच राहिली, आणि ती न पाठवण्याची झाली. डोन्ट हॅव टू म्हटलं की नकार हॅव टूवर पडतो आणि सक्तीच जाते. पुन्हा सांगते: मस्ट नॉटमध्ये सक्ती राहते, डोन्ट हॅव टूमध्ये सक्ती जाते.

त्यानं लिहायला पाहिजे होतं, "यू डोन्ट हॅव टू सेंड द ट्रक. वी कॅन अरेंज वन." आणि त्याखाली, "प्लीज टेल अस बाय ट्यूजडे." गरज नाही एवढंच कळवलं की पुढं कोण काय करणार हे लोंबकळत राहतं, म्हणून ही पुढची दोन वाक्यं हवीतच.

आता बाकीचं भराभर. मस्टच्या पुढं टू येत नाही. मस्ट टू गो चूक, मस्ट गो बरोबर. तसंच नीड नॉटच्या पुढंही टू नाही. "यू नीड नॉट टू वरी" हे आपल्याकडं अर्जात, पत्रात सर्रास दिसतं. "यू नीड नॉट वरी" असं लिहा. नीडचा नकार डोन्टनं केला तर मात्र टू लागतो, डोन्ट नीड टू वरी. कर्ता इंग्रजीतला "ही" किंवा "शी", म्हणजे तो किंवा ती, असेल तरी मस्टला एस लागत नाही, पण हॅवचं हॅज होतं: शी हॅज टू गो.

सक्तीचा भूतकाळ सांगायला मस्ट चालत नाही. काल जावं लागलं, म्हणजे हॅड टू गो. उद्या जावं लागेल, विल हॅव टू गो. मस्ट हॅव गॉन म्हटलं तर अर्थ होतो, गेला असणार. तो अंदाज झाला. आणि इथं दहावी-बारावीच्या पोरांनी कान द्यावा: जावं लागलं म्हणजे हॅड टू गो, तिथं माणूस गेला. जायला पाहिजे होतं म्हणजे शुड हॅव गॉन, तिथं माणूस गेलाच नाही. उगीच गेलो, गरज नव्हती, असं असेल तर नीडन्ट हॅव गॉन.

मस्ट का हॅव टू, यावर गाईडं पानंच्या पानं खर्च करतात, तेवढी गरज नाही. बोलणाऱ्याला आतून वाटतं किंवा तो स्वतः हुकूम देतो, तिथं मस्ट. बाहेरचा नियम, साहेब, परिस्थिती भाग पाडते, तिथं हॅव टू. पाट्यांवर, सूचनांत मस्टच असतं. टेंडरमध्ये, कायद्यात शॅल भेटेल, तोही सक्तीचाच. आपल्या संविधानाच्या पहिल्याच कलमात "शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स" असं आहे, तिथं शॅल म्हणजे भविष्यकाळ समजू नका.

आता दोन वाक्यं घरी करून बघा, दोन्ही औषधाची. पहिलं, ही गोळी दुधाबरोबर घ्यायची गरज नाही. दुसरं, ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. पहिल्याचं होईल, "यू डोन्ट हॅव टू टेक इट विथ मिल्क." दुधाबरोबर घेतली तरी चालते. दुसऱ्याचं, "यू मस्ट नॉट टेक इट ऑन ॲन एम्प्टी स्टमक." इथं आधी जेवावंच लागेल.